आक्काच्या खिडकीतला दिवस

संध्याकाळी जेवायला बसण्याआधी आक्का खोलीतली बत्ती बंद करायला लावायची. मग खिडकीकडे तोंड करून उजवा तळहात नाकापाशी धरायची आणि त्यावरच्या रेघा दिसतात का ते बघायची. रेघा दिसल्या तर दिवस आहे, जेवायचं. नाही दिसल्या तर दिवस संपला, आता उद्या. मग समोर पुरणपोळी असो की पेज, ताट बाजूला. मगदूमांच्या घरात लग्न होऊन आली तेव्हापासून, आणि त्याआधी माहेरी कळायला लागलं तेव्हापासून, सूर्य मावळल्यावर तिच्या तोंडात अन्नाचा कण गेला नव्हता. कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन घरांत रात्री न जेवणारी माणसं पुष्कळ सापडतील, पण बहुतेकांचं आता पंचांगातल्या वेळेवर नाहीतर मोबाईलवर भागतं. आक्काचा त्या दोन्हींवर भरवसा नव्हता. "घड्याळ मानसानं केलंय," ती म्हणायची, "दिस न्हाई केलेला."

आणि तिचा एकुलता एक मुलगा श्रेणिक नेमका दिवसाला वेसण घालायच्या धंद्यात होता. तो काचा बनवायचा.

कोल्हापुरात फेब्रुवारी सरता सरता पंखे पुरेनासे झाले, त्याला आता काही वर्षं झाली होती. विजेचा तर प्रत्येक इमारतीला वाटा ठरवून दिलेला. वाटा संपला की थंड हवेची यंत्रं आपोआप बंद, मग बसा घाम पुसत. अशा दिवसांत श्रेणिकच्या कंपनीच्या काचेला मागणी आली नसती तरच नवल. ती काच म्हणजे खरं तर दोन काचा आणि त्यांच्या मधे केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ असे थर. एका थरात टंगस्टन ऑक्साइड, समोरच्या थरात साठवलेलं लिथियम. टॉर्चच्या दोन सेलांइतका विजेचा दाब दिला की लिथियमचे आयन आपली जागा सोडून टंगस्टनच्या थरात जाऊन बसतात आणि काच बघता बघता शाईच्या पाण्यासारखी निळी होते. उन्हातली बरीचशी उष्णता तिथंच अडते, खोलीपर्यंत पोचत नाही. दाब उलटा केला की आयन मुकाट परत आणि काच स्वच्छ. एकदा आलेला रंग टिकवायला वीजही जवळजवळ लागत नाही.

एवढ्यावर जगात अनेकांनी काम केलं होतं. श्रेणिकची स्वतःची भर होती ती आतल्या काचेची. बाहेरची काच निळी झाली की ऊन अडायचं, पण खोली अशी अंधारून यायची की लोक भर दुपारी दिवे लावायचे. म्हणजे एका हाताने वाचवलेली वीज दुसऱ्या हाताने घालवायची. त्याने आत आणखी एक काच बसवली, हवी तेव्हा दुधी होणारी. चौकटीत बारीक दिवे लपवले. त्यांचा उजेड काचेच्या कडेतून शिरून सगळ्या पृष्ठभागावर सारखा पसरायचा. बाहेरच्या आकाशाचा रंग मोजून हुबेहूब तसाच उजेड ही आतली काच आणायची, अगदी थोड्या विजेत. दुपारचा पांढरा, चारचा पिवळसर, मावळतीचा तांबूस. चाचणीला बोलावलेल्या माणसांपैकी कुणालाच खरं ऊन कुठलं आणि काचेचं कुठलं ते सांगता आलं नाही, तेव्हा श्रेणिकने सगळ्या विभागाला पेढे वाटले होते.

त्या श्रावणात आक्का गावी गोठ्याच्या पायरीवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि श्रेणिकने तिला शहरात आपल्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. पश्चिमेची खोली दिली, कारण तिला मावळतीचं ऊन लागायचं. त्या खिडकीला अर्थातच आपली नवी काच बसवली. खिडकी उघडणारी नव्हती. नव्या इमारतींत गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या कायमच्या बंदच असतात. आक्काला जवळचं चांगलं दिसायचं, लांबचं सगळं धूसर, त्यामुळे काच दुधी असली काय आणि स्वच्छ असली काय, तिचं अडत नव्हतं. तिला उजेड हवा होता.

दिवाळी जवळ आली, दिवस आखडला, तशी खरी अडचण सुरू झाली. सहाच्या सुमारास सूर्य बुडायचा. श्रेणिकची बायको त्रिशला बँकेतून यायची ती त्यानंतर, आणि श्रेणिक तिच्याही नंतर. दिवसा सोबतीला येणारी बाई चारला जायची. सकाळचं रांधलेलं संध्याकाळी खायचं नाही हा आक्काचा दुसरा नियम. मग ती चुरमुरे खायची, दूध प्यायची आणि झोपायची. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर वजन बघून श्रेणिकवर चिडले.

"हाड काय हवेवर जुळतं का? यांना संध्याकाळी पोटभर गरम जेवण पाहिजे."

दोघांपैकी एकाने लवकर घरी यायला हवं होतं. हे दोघांनाही कळत होतं आणि दोघंही दुसऱ्याच्या बोलण्याची वाट बघत होते. शेवटी श्रेणिकने कंपनीत विषय काढला. त्याच्या वरिष्ठ दातार मॅडम नाही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आईचं आहे, जायलाच हवं. फक्त मोठ्या ग्राहकाचं काम दारात आहे, तेव्हा तूच ठरव." श्रेणिकने ठरवलं. तो एक दिवस लवकर घरी गेला, भाकरी थापता येईना म्हणून भात लावला, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उशिरापर्यंत बसायला लागला.

मग त्याला ती युक्ती सुचली. फोनवर घराच्या काचेचं पान उघडायचं आणि सूर्यास्ताची वेळ तासभर पुढे सरकवायची. बाहेरची काच गर्द निळी होणार, म्हणजे बाहेरचा अंधार दिसायला नको. आतली दुधी होऊन तांबूस उजेड देत राहणार. फक्त तासभर. आईच्या तब्येतीसाठी.

त्रिशलाला सांगणं भाग होतं, ती तर अंधारातूनच घरी यायची. ती ओट्याशी उभी होती, वळलीसुद्धा नाही.

"आक्कांना सांगणार आहेस ना?"

"सांगू की. जरा बरी होऊ दे."

"पाप आहे, श्रेणिक."

"उपाशी ठेवणं पाप नाही?"

ती ओट्यावरची भाजी चिरायला लागली. श्रेणिकला वाटलं आपण वाद जिंकला.

पहिल्या संध्याकाळी त्रिशलाने गरम भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी असं ताट नेलं. आक्का म्हणाली, "आदी बत्ती बंद करा." बत्ती बंद झाली. तिने तळहात नाकापाशी धरला. श्रेणिक दारात उभा होता. त्याच्या पाठीमागे दिवाणखान्याचे पडदे ओढलेले होते आणि पडद्यांमागे रात्र झाली होती. आक्काने तळहात जरा लांब केला, पुन्हा जवळ आणला.

"दिसत्यात रेघा," ती म्हणाली आणि पुटपुटत णमोकार मंत्र म्हणून जेवायला बसली. दीड भाकरी खाल्ली. आमटी पुन्हा मागून घेतली. कित्येक दिवसांत तिला असं खाताना त्याने पाहिलं नव्हतं. त्याला आनंद झाला, आणि आनंद होतोय तोवरच कानाच्या पाळ्या गरम झाल्या. लहानपणी शेजारच्यांच्या झाडाचा पेरू खिशात घालून आईशी बोलताना व्हायच्या तशा. स्वयंपाकघरात जाऊन तो उगाच पाणी प्यायला.

एक खोटं नीट उभं करायला आणखी बरीच लागतात. आक्काच्या खोलीत भिंतीवर अण्णांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं घड्याळ होतं. साखर कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेलं. ती ते क्वचितच बघायची, पण बघितलं तर? श्रेणिकने 'बंद पडतंय' म्हणून ते उतरवलं आणि कंपनीतल्या आपल्या खणात नेऊन ठेवलं. तिथं ते फायलींखाली टिकटिकत राहिलं. सोबतीच्या बाईला वेळेवर घालवणं, खोलीचं दार ओढून घेणं, संध्याकाळी आक्काचा फोन चार्जिंगला म्हणून बाहेर आणणं, सगळं अंगवळणी पडलं. पंधरवड्यात आक्काचं वजन वाढलं. डॉक्टरांनी श्रेणिकची पाठ थोपटली.

एकदा आक्काने विचारलंच. "श्रेणिक, हितं दिस मोठा वाटतोय रं. गावाकडं तर एवढ्यात झाक पडती."

श्रेणिककडे उत्तर तयार होतं. "आक्का, आपण नवव्या मजल्यावर आहे की. जितकं उंच जाशील तितका सूर्य उशिरा मावळतो. क्षितिज खाली जातं."

यात एकही शब्द खोटा नव्हता. नवव्या मजल्यावर सूर्य खरंच उशिरा मावळतो, फक्त मिनिटभरसुद्धा नाही. तेवढं शेवटचं वाक्य त्याने गिळलं. आपल्या विद्येचा असा उपयोग आपण करू असं त्याला इंजिनिअरिंगला असताना कुणी सांगितलं असतं तर तो त्याच्या अंगावर धावून गेला असता.

आक्काला मात्र ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गावाकडे धाकट्या बहिणीला, चिंगूमावशीला, फोनवर सांगत होती. श्रेणिकला रविवारची सुट्टी होती, तो शेजारच्या खोलीत होता.

"अगं, उंचावर ऱ्हायलं की दिस उशिरा मावळतो म्हणं. आमच्या श्रेणिकनं सांगितलं. लई हुशार झालाय. आन् काच कसली केलीया! घरात बसून ऊन मिळतंय मला. म्हातारपणी लेकानं दिस वाढवून दिला बघ."

श्रेणिकने हातातलं पुस्तक मिटलं आणि चपला घालून जिना उतरून खाली गेला. खाली त्याला काहीच काम नव्हतं.

सगळ्या घरांच्या काचांची माहिती कंपनीत जमा व्हायची. दातार मॅडमनी एक दिवस चहाच्या वेळी विचारलं, "मगदूम, तुमच्या घरी सूर्य उशिरा मावळतो वाटतं?" श्रेणिकने हसत हसत सगळं सांगितलं. आपण हसत सांगितलं तर ती गोष्ट हसण्यासारखी होईल असा त्याचा अंदाज होता. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ऑफिसात माणूस उठतो कधी? घड्याळ बघून नाही. खिडकीबाहेर अंधारलं की त्याला घर आठवतं. हे आपण विकू शकतो."

श्रेणिकला नाही म्हणता आलं असतं. पण ज्याने स्वतःच्या आईवर ते वापरलं, त्याने कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? महिन्याभरात तो त्या कामाचा प्रमुख झाला. संक्रांत उलटल्यावर शहराबाहेरच्या, फोनवरून ग्राहकांना उत्तरं देणाऱ्या एका मोठ्या सेवाकेंद्रात त्याचं प्रात्यक्षिक ठेवलं.

शेकडो मुलं-मुली कानाला यंत्रं लावून बसली होती. त्यांचे फोन दारातच जमा केलेले, समोरच्या पडद्यांवरचं घड्याळही काढलेलं. खिडक्यांतून दुपारचं छान पिवळसर ऊन येत होतं. बाहेर केव्हाच रात्र झाली होती, पण चुळबुळ नव्हती, कुणी पिशवी आवरत नव्हतं. केंद्राचे मालक दातार मॅडमचा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते. श्रेणिकच्या जवळच बसलेल्या एका मुलीने डोळे चोळले, मोठी जांभई दिली आणि शेजारणीला म्हणाली, "आज दिवस संपतच नाहीये, नाही का गं?"

शेजारीण म्हणाली, "मला वाटलं मलाच बरं वाटत नाहीये."

श्रेणिकने मान खाली घातली. तेवढ्यात त्याला घर आठवलं. आज उशीर होणार म्हणून त्याने सकाळीच आक्काचा सूर्यास्त आणखी पुढे ढकलला होता. त्रिशलाच्याही बँकेत काहीतरी तपासणी होती. घाईघाईने घरी पोचला तर त्रिशला नुकतीच आत आली होती आणि पदर खोचून पीठ मळत होती. त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "भूक लागलीय म्हणत होत्या. आत जा, बस जरा त्यांच्याजवळ."

आक्काच्या खोलीत पाचचं ऊन होतं. ताट आलं. बत्ती बंद झाली, रेघा दिसल्या. आक्काने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला. आणि वीज गेली.

आतल्या काचेचा उजेड विझला. पाठोपाठ चौकटीतून बारीक टक् असा आवाज झाला आणि श्रेणिकला कळलं आता काय होणार. वीज गेली तर काच स्वच्छ व्हायलाच हवी, नाहीतर आग लागली की विझवणाऱ्यांना आतलं काही दिसायचं नाही. असा नियम त्यानेच घातला होता, त्यासाठी चौकटीत छोटी बॅटरी बसवली होती, भांडून बसवली होती. आयन आपापल्या जागी परत गेले, निळा रंग उतरला, आणि खिडकीत उभी होती ती काळीमिट्ट रात्र. वीज सगळ्याच भागाची गेली होती.

मग आक्काने हात तोंडाशी नेला, घास तळहातावर काढला आणि मूठ मिटली.

"श्रेणिक, लाईट गेली का दिस गेला?"

"आक्का, दिवस... आत्ताच मावळला बघ. एकदम."

"दिस असा फुंकर मारल्यावानी इझत न्हाई रं," आक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती एखादी साधी गोष्ट समजावून सांगत होती. "आदी तांबडं व्हतंय. मग झाक पडती. मग गुरं घराकडं येत्यात. येवढं सगळं कुठं गेलं?"

त्रिशलाने फोनचा टॉर्च लावला आणि लगेच भिंतीकडे वळवला, नवऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून असेल किंवा आपलं. श्रेणिक पलंगाच्या पायथ्याशी बसला. आतल्या काचेला उजेड देता येतो, मला उशीर झाला म्हणून मी तो सुरू ठेवला, तू उपाशी राहशील म्हणून, असं तो सांगत गेला. आक्का ऐकत होती. मूठ तशीच मिटलेली.

"कवाधरनं?" तिने विचारलं.

खरं सांगितलं तर काय होईल हे तो ओळखून होता. मोडलेल्या व्रताला आक्काकडे एकच औषध होतं, उपास. जितके दिवस मोडलं तितके. दिवाळीपासूनचे सगळे उपास ती करायला बसली तर जुळत आलेलं हाड राहील बाजूला, माणूसच हाती लागायचं नाही. त्याने हा हिशेब मांडला आणि त्याला बरं वाटलं, कारण खोटं बोलायला चांगलं कारण मिळालं होतं.

"आजच," तो म्हणाला. "आजच पहिल्यांदा."

त्रिशलाने टॉर्च आणखी खाली वळवला. आक्काने मोठा श्वास सोडला.

"मग हाय काय त्यात. एक दिस मोडला, उद्या एक उपास. चूक मानसाकडनंच व्हती. पानी दे हातावर."

दुसऱ्या दिवशी आक्काने कडक उपास केला, पाणीसुद्धा दुपारी एकदाच. चेहरा उतरला, पण मन ताजं होतं. श्रेणिकने त्या दिवशी सुट्टी घेतली. सकाळी त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे कारागीर बोलावून तिच्या खिडकीची काच काढून साधी, अगदी बिनगुणाची काच बसवली. कंपनीत जाऊन खणातलं घड्याळ आणलं आणि भिंतीवर लावलं. तिथंच दातार मॅडमना भेटून हे सांज लांबवायचं काम आपण सोडतो, ते बंद करा, असंही म्हणाला. त्या म्हणाल्या, "सोड की. पण करार झालाय, आणि तिथल्या एकाही मुलाची तक्रार नाही." ते खरं होतं. ज्यांची संध्याकाळ गेली त्यांना ती गेल्याचं ठाऊकच नव्हतं. तक्रार कोण करणार?

दुपारी चिंगूमावशीचा फोन आला. श्रेणिक आक्काच्या पायांना तेल लावत होता.

"उपास हाय आज," आक्का सांगत होती. "अगं, काल श्रेणिकला यायला उशीर झाला, तर त्यानं काचंचा उजेड लावून मला जेवाय बसीवलं. एक घास तोंडात गेला. पर पोराचं कौतुक वाटतं बघ. इचारल्याबरोबर समदं खरं सांगितलं. लपवून ठिवलं असतं तर मला कळनार हुतं व्हय? अण्णांच्या वळणावर गेलाय."

श्रेणिकचा हात तिच्या घोट्यावर थांबला. आक्काचा पाय गार होता. तिने फोन ठेवला आणि त्याच्याकडे इतक्या विश्वासाने बघितलं की त्याला तिथं बसवेना आणि उठवेना. आयुष्यात एवढी लाज त्याला कधीच वाटली नव्हती. पकडला गेला तेव्हासुद्धा नाही.

"आक्का," तो म्हणाला, "काल पहिल्यांदा न्हाई. दिवाळीपासनं."

तिला लगेच कळलं नसावं. मग कळलं. ती वाढलेलं वजन आठवत असेल, परत मागून घेतलेली आमटी आठवत असेल. नववा मजला आठवत असेल. ती बराच वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली, जणू अण्णा तिथं बसलेत.

"म्हंजे रोजच," ती म्हणाली.

"व्हय."

"सूनबाईला ठावं हुतं?"

श्रेणिकने दाराकडे बघितलं. तेवढं उत्तर पुरेसं होतं.

"तू आता उपास धरू नकोस," तो घाईने म्हणाला. "पाप माझं आहे, मी करतो उपास. जितके सांगशील तितके."

"उपास न्हाई धरत," आक्का म्हणाली. "माज्या मनानं मी दिसाउजेडीच जेवले हुते. पर तू माज्या डोळ्याचा इश्वास घालवलास रं. ह्या वयात दुसरं काय ऱ्हायलं हुतं माज्याजवळ?" एवढं बोलून तिने पाय आखडून घेतला आणि पांघरुणात ओढला. तेलाचा हात तसाच धरून तो बसून राहिला.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही, अबोला झाला नाही. उलट सगळे एकमेकांशी फार जपून बोलायला लागले. त्रिशलाने बँकेत सकाळची पाळी मागून घेतली. श्रेणिक उजेडीच घरी यायला लागला. इतकं सोपं होतं ते. जे दिवाळीत करायचं होतं आणि जमणारच नाही असं वाटत होतं, ते माघात दोन अर्जांत झालं.

फक्त एक नवीन गोष्ट सुरू झाली. संध्याकाळी ताट आलं, बत्ती बंद झाली, रेघा बघून झाल्या की आक्का उशाखालचा फोन काढायची आणि गावी बहिणीला लावायची.

"चिंगू, दिस हाय का गं तिकडं?"

"हाय हाय. शेवग्याच्या शेंड्यावर ऊन हाय अजून. जेव."

मगच ती घास घ्यायची. श्रेणिक समोर असायचा. खिडकीची काच साधी होती, ऊन खरं होतं, भिंतीवर अण्णांचं घड्याळ चालू होतं, आणि आक्का वीस कोसांवरच्या अंगणातला सूर्य विचारून जेवत होती. त्याने एकदाही हरकत घेतली नाही. घ्यायला तोंड नव्हतं.

फाल्गुनातल्या एका संध्याकाळी चिंगूमावशीने फोन उचलला नाही. कुठं लग्नाला गेली असेल, शेतात राहिली असेल. आक्काने पुन्हा लावला. वाजून वाजून बंद झाला. ताटात गरम भाकरी होती, वर तुपाची धार. सूर्य अजून चांगला वर होता आणि खिडकीतून आलेलं ऊन थेट तिच्या मांडीवर पडलं होतं.

"आक्का, जेव गं," श्रेणिक म्हणाला. "अजून दिवस आहे. मी सांगतोय ना."

आक्काने तळहात उघडून उन्हात धरला. कितीतरी वेळ ती तळहाताकडेच बघत होती. त्रिशला दारात येऊन थांबली.

"दिसत्यात का रेघा?" श्रेणिकने विचारलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"दिसत्यात," आक्का म्हणाली. "तवा बी दिसत हुत्या."

तिने ताट हलकेच त्याच्याकडे सरकवलं. "राग न्हाई रं बाळा. पर घास उतरनार न्हाई. उद्या चिंगू असंल." आणि ती भिंतीकडे कूस करून झोपली.

श्रेणिकने ताट उचललं, पण ते घेऊन त्याला खोलीबाहेर जाता येईना. ऊन भाकरीवर पडलं होतं. ते हळूहळू तांबडं झालं, मग झाक पडली, आणि सूर्य खरोखर मावळेपर्यंत तो ते ताट हातात धरून तिच्या खिडकीशी उभा राहिला.